निळी बॉनेट



बॉनेट हा शब्द कानावर पडताच आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मोटारीचे यंत्र झाकणारे लोखंडी झाकण उभे राहील. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांचा ज्यांना नाद आहे, त्यांना हनुवटीखाली फितीची गाठ मारलेली स्त्रियांची टोपी आठवेल. स्कॉटलंडात मात्र हा शब्द शतकानुशतके पुरुषाच्या टोपीसाठी वापरला जात आला आहे. लोकरीची, बिनकाठाची, चपटी व निळी अशी ही टोपी. पायपर म्हणून जो वाजंत्री चित्रांत व चित्रपटांत आपण पाहतो, कमरेला चौकड्यांचा किल्ट, काखेत पिशवीचे वाद्य आणि डोक्यावर गोंड्याची टोपी असा जो त्याचा थाट असतो, त्यातील टोपी ही या निळ्या बॉनेटचीच मुलगी किंवा नात होय. या टोपीचे कुलवृत्त आज मला आपणांस सांगावयाचे आहे.

सर्वसाधारण समजूत अशी आहे की, किल्ट हे त्या लोकांचे अतिप्राचीन वस्त्र असून टोपी ही त्या वेषाला शोभा आणणारी एक जोड आहे. वस्तुस्थिती जवळजवळ याच्या उलट आहे. चुण्या घालून शिवलेला, गुडघ्यापर्यंत येणारा आजचा किल्ट हा अठराव्या शतकात रूढ झाला. त्यापूर्वी डोंगराळ मुलखातील स्कॉट लोक एक लांबरुंद लोकरी चादर अंगाभोवती गुंडाळून कमरेला पट्टा आवळीत. त्या पेहरावाचे स्पष्ट वर्णनही सोळाव्या शतकाच्या अखेरीपूर्वी सापडत नाही. शिवाय तो वेष डोंगरी लोकांपुरताच होता. सखल प्रदेशातील शेतकरी, विणकर व व्यापारी इंग्रजांप्रमाणेच तुमानी घालीत. निळी टोपी मात्र डोंगरातल्याच्या डोक्यावर होती, तशी सपाटीवरच्याच्याही होती. किल्ट हा अर्ध्या स्कॉटलंडचा होता, टोपी ही सगळ्या स्कॉटलंडची होती. हा एक भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील सगळा इतिहास उलगडत जातो.

प्रथम ही टोपी तयार कशी होत असे ते पाहू. जाड लोकरीचे सूत घेऊन ती सुयांवर गोल गोल विणावयाची. परंतु डोक्याच्या मापाची नव्हे, मापापेक्षा पुष्कळ मोठी. मग ती पाण्यात भिजवून, चोळून, तुडवून मळावयाची. लोकरीचा धर्म असा की, ओलावा, ऊब व घर्षण ही तिन्ही मिळाली म्हणजे तिचे तंतू एकमेकांत गुंततात आणि पोत आटू लागतो. अशा रीतीने आटून ती टोपी नमद्यासारखी घट्ट झाली की विणीचे टाके दिसेनासे होत. नंतर काटेरी बोंडांनी घासून तिच्यावर लव उठवीत. आपल्याकडील धनगरी घोंगडी ज्यांनी पावसात पांघरली आहे, त्यांना या वस्त्राचा गुण निराळा सांगावयास नको. पाऊस त्यावरून निथळून जातो आणि भिजले तरी ते ऊब सोडीत नाही. स्कॉटलंडसारख्या पावसाळी देशात मेंढपाळाला व नांगऱ्याला याहून सोयीची वस्तू दुसरी कोणती असणार?

रंग निळाच का, याचेही कारण साधे आहे. त्या हवेत वोड नावाचे झाड येत असे व त्याच्या पानांपासून निळा रंग निघे. तो स्वस्त व पक्का होता. पुढे समुद्रापारची नीळ युरोपात येऊ लागली, तेव्हा वोडची जागा हळूहळू तिने घेतली. टोपीच्या कडेला जो पट्टा असे, त्यातून एक दोरी किंवा फीत ओवून मागे गाठ मारीत. डोके लहान असो वा मोठे, गाठ सैल अथवा घट्ट केली की टोपी बसलीच. आज पायपरच्या टोपीमागे ज्या दोन काळ्या फिती वाऱ्यावर डुलताना दिसतात, त्या याच गाठीची शेपटे होत. माथ्यावरचा लोकरी गोंडा, ज्याला तिकडे टूरी म्हणतात, तो विणकामाच्या शेवटी टाके जेथे एकत्र येत ती जागा झाकण्यासाठी आला, असे मानले जाते. आज जे नुसते अलंकार वाटतात, त्यांचा जन्म असा कारागिराच्या सोयीतून झालेला आहे.

हा धंदा लहानसहान नव्हता. डंडी शहरातील बॉनेट विणणाऱ्यांच्या संघास १४९६ साली, एडिंबरा येथील संघास १५३० साली आणि ग्लासगो येथील संघास १५९७ साली नगरसभेची सनद मिळाली. डंडीत हे कारागीर ज्या टेकडीवर राहत, तिला लोक बॉनेट टेकडीच म्हणू लागले. एअरशायर परगण्यातील किल्मार्नॉक व स्टुअर्टन ही गावे तर या एका वस्तूवर नावारूपाला आली. स्टुअर्टन आजही बॉनेटचे गाव म्हणून ओळखले जाते. आपल्याकडे जशी पैठणची पैठणी किंवा सोलापूरची चादर, तशी तिकडे किल्मार्नॉकची टोपी.

या टोपीची परदेशी ओळखही जुनीच आहे. शेक्सपिअरने आपल्या चौथ्या हेन्री राजावरील नाटकाच्या पहिल्या भागात स्कॉट सैनिकांचा उल्लेख नुसता निळ्या टोप्या असा केला आहे. हे नाटक १५९८ साली छापले गेले. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील सामान्य प्रेक्षकालाही निळी टोपी म्हणताच स्कॉट माणूस असा अर्थबोध होत होता. किल्टचा उल्लेख करून असा बोध होण्यास अजून दीड-दोनशे वर्षे जावयाची होती.

आता १७४५ सालाकडे वळू. ब्रिटनचे सिंहासन ज्या स्टुअर्ट घराण्याने गमावले होते, त्यातील राजपुत्र चार्ल्स एडवर्ड हा त्या वर्षी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. त्याच्या पक्षाचे लोक जॅकोबाइट म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांनी निळ्या टोपीवर पांढऱ्या फितीचे फूल लावले. तीच त्यांची खूण. राज्यावर असलेल्या हॅनोव्हर घराण्याची खूण काळ्या फितीचे फूल ही होती. १६ एप्रिल १७४६ रोजी कलॉडनच्या माळावर जी अखेरची लढाई झाली, तीत सरकारच्या बाजूनेही पुष्कळ स्कॉट लढत होते. दोन्ही दळांत निळ्या टोप्या होत्या. शत्रू कोण व मित्र कोण हे टोपीवरून ठरत नव्हते, तिच्यावरील फितीच्या रंगावरून ठरत होते. भाऊबंदकीचे इतके बोलके चित्र दुसरे क्वचितच सापडेल.

कलॉडनला जॅकोबाइटांचा पुरा मोड झाला आणि त्यानंतर पार्लमेंटने डोंगरी पेहरावावर बंदी घालणारा कायदा केला. तो १ ऑगस्ट १७४७ पासून अमलात आला. चादर, किल्ट, डोंगरी विजार व खांद्यावरचे पट्टे ही नावे त्यात घातलेली होती; टार्टनचे, म्हणजे रंगीत चौकड्यांच्या लोकरी कापडाचे, अंगरखेही निषिद्ध ठरले. पहिल्या अपराधास सहा महिने तुरुंगवास. दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सरकारी पलटणींत नोकरीस असलेल्यांस मात्र हा कायदा लागू नव्हता. म्हणजे ज्याला बापजाद्यांचा वेष घालावयाचा असेल, त्याने तो राजाचा शिपाई होऊन घालावा, असाच याचा व्यवहारात अर्थ झाला.

या कायद्याच्या यादीत बॉनेटचे नाव नाही. डोंगरी लोकांचाच म्हणून जो खास पेहराव, तेवढ्यावर कायद्याचा रोख होता. टोपी ही एडिंबऱ्याच्या विणकराच्या डोक्यावर होती, एअरशायरच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर होती, राजनिष्ठांच्याही डोक्यावर होती. जी वस्तू सर्वांची असते, तिला बंडखोरांची वस्तू ठरवणे कोणत्याही कायद्यास अवघड जाते. किल्ट पस्तीस वर्षे पलटणीबाहेर दिसेनासा झाला. टोपी जेथे होती तेथेच राहिली. १७८२ साली कायदा रद्द झाला तोपर्यंत एक पिढी उलटून गेली होती आणि सामान्य डोंगरी माणसास किल्टची सवय पुष्कळशी सुटली होती. किल्ट परत आला तो मुख्यतः सैनिकांच्या, जमीनदारांच्या व शहरांतील हौशी मंडळींच्या अंगावर.

या हौशी मंडळींतील एका पुरुषाची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याचे नाव ॲलेस्टर रॅनल्डसन मॅक्डॉनेल, ग्लेनगॅरीच्या मॅक्डॉनेल कुळाचा नाईक. कोठेही जावयाचे तर संपूर्ण डोंगरी वेष, शस्त्रे व सेवकांचा लवाजमा घेऊन जावयाचे, असा याचा खाक्या. चित्रकार रेबर्नने त्याचे काढलेले पूर्णाकृती चित्र प्रसिद्ध आहे. अस्सल डोंगरी लोकांची म्हणून त्याने १८१५ साली एक सभाही स्थापन केली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्यास आला. दीडशेहून अधिक वर्षांत राज्यावर असलेला कोणीही राजा स्कॉटलंडात आलेला नव्हता. स्वागताचा सोहळा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी आखला. सखल प्रदेशातील सरदारही त्या दिवसांत टार्टन नेसून मिरवले आणि खुद्द राजानेही किल्ट घातला. ज्या वेषासाठी पंचाहत्तर वर्षांपूर्वी हद्दपारीची शिक्षा होती, तो वेष दरबारी झाला. दोन्ही बाजूंनी दाबून उभी केलेली, माथ्यावर लांबट घडी पडलेली अशी जी बॉनेट पुढे ग्लेनगॅरी म्हणून प्रसिद्ध झाली, तिचे जनकत्व परंपरा या नाइकाकडे देते.

परंतु चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या घराण्याच्या जमिनीवरून कुळे उठवून तेथे मेंढ्यांची कुरणे करण्यास त्याच्या आईबापांच्या काळीच आरंभ झाला होता आणि त्याच्या कारकीर्दीतही तो क्रम थांबला नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी या कुळासाठी तरवार धरली, ते लोक गलबतांत बसून कॅनडास गेले. ऑंटेरिओ प्रांतात ग्लेनगॅरी नावाचा परगणा त्यांची साक्ष देत आजही आहे. नाईक वेष जपीत होता, त्या वेषाची माणसे मात्र देशोधडीस लागत होती. १८२८ साली आगबोटीच्या अपघातातून किनाऱ्यावर उडी घेताना झालेल्या जखमेने तो वारला. त्याच्यामागे कर्जाचा डोंगर होता आणि १८४० साली मुलास जहागीर विकावी लागली. जमीन गेली, माणसे गेली. टोपीचे नाव तेवढे राहिले. संस्कृतीचे रक्षण म्हणजे काय, हा प्रश्न या एका आयुष्यात जितका उघडा पडतो तितका मोठमोठ्या ग्रंथांतही पडत नाही.

ग्लेनगॅरीचा खरा प्रसार केला तो पलटणींनी. १८४१ साली ७९ व्या डोंगरी पलटणीच्या पायपरांनी ती प्रथम घेतली. आपल्या गांधी टोपीप्रमाणे तिची सपाट घडी होते, ती खिशात किंवा पट्ट्याखाली राहते. शिपायास आणखी काय हवे? एका दशकात ती बहुतेक डोंगरी पलटणींत पसरली आणि १८६८ नंतर सुमारे पाव शतक इंग्रज पलटणींच्याही नित्याच्या वेषात तिला स्थान मिळाले. कित्येक पलटणींनी तिच्या कडेला तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचा पट्टा लावला. या पट्ट्याचे पुढे जे झाले ते मोठे मौजेचे आहे. १९३२ साली ग्लासगोचे पोलीस प्रमुख पर्सी सिलिटो यांनी शिपाई गर्दीत लांबून ओळखू यावा म्हणून पोलिसांच्या टोपीवर तशाच चौकड्यांचा पट्टा बसविला. तेथून तो ब्रिटनभर व पुढे ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या देशांतही गेला. डोंगरी शिपायाची चौकडी आज अनेक देशांत पोलिसाची खूण झाली आहे.

याच ग्लेनगॅरीवरील एका बिल्ल्याचा आपल्या महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीच्या सैन्याशी लढाई झाली. वेलस्लीच्या हाताखाली ७४ वी व ७८ वी अशा दोन डोंगरी स्कॉट पलटणी होत्या. मराठ्यांच्या तोफखान्याने त्या दिवशी जी आग ओकली, तीत ७४ वी पलटण अक्षरशः भाजून निघाली. तिचे बहुतेक अंमलदार ठार किंवा जखमी झाले. लढाई वेलस्लीने जिंकली आणि या पलटणींस हत्तीचे चिन्ह असलेले खास निशाण बहाल झाले. १८८१ साली ७४ वी पलटण ७१ वीत मिळून हायलंड लाइट इन्फंट्री तयार झाली. तिचे शिपाई ग्लासगोच्या गिरण्या-गोद्यांच्या वस्त्यांतून येत. तिच्या बिल्ल्यावर तळाशी एक लहानसा हत्ती आणि त्याच्याजवळ असई हे नाव कोरलेले असे. १९५९ साली ही पलटण दुसरीत विलीन होईपर्यंत ग्लासगोच्या हजारो तरुणांनी आमच्या एका खेड्याचे नाव आपल्या टोपीवर धारण केले. ते खेडे कोठे आहे, हे त्यांतील किती जणांस ठाऊक असेल? आणि आमच्या गावाचे नाव दुसऱ्याच्या टोपीवर आहे, हे आपणांपैकी तरी किती जणांस ठाऊक होते?

दुसरी टोपी बॅल्मोरल. व्हिक्टोरिया राणी व राजपुत्र ॲल्बर्ट यांनी १८४८ साली स्कॉटलंडातील बॅल्मोरल येथे घर घेतले, १८५२ साली ती मिळकत विकत घेतली व १८५६ पर्यंत तेथे नवा वाडा उभा राहिला. राजघराण्याचे पाय लागताच डोंगरी वेषास जी प्रतिष्ठा आली, तीत जुन्या गोल निळ्या टोपीसही या वाड्याचे नाव मिळाले. मेंढपाळाच्या डोक्यावर ती नुसती बॉनेट होती. राणीच्या पाहुण्यांच्या डोक्यावर ती बॅल्मोरल झाली. मूळ घाट मात्र फारसा बदललेला नाही. गोल चपटा माथा, तांबडा गोंडा, मागे फिती आणि डाव्या बाजूस रेशमी फितीचे फूल. त्या फुलावर कुळाचा किंवा पलटणीचा बिल्ला बसवितात. येथे एक विसंगती पाहण्यासारखी आहे. हे फूल बहुधा काळे असते. आपण ऐकलेच आहे की, कलॉडनच्या माळावर काळे फूल ही हॅनोव्हर पक्षाची खूण होती. आज स्टुअर्ट राजपुत्राच्या नावाने गहिवरणारा एखादा गृहस्थ आपल्या कुळाचा बिल्ला नकळत त्याच काळ्या फुलावर मिरवीत असतो. फितीच्या रंगासाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांच्या वंशजांस तो रंग आता नुसता शोभेचा वाटतो. काळ हा असा वैर विसरावयास लावतो, हे बरेच म्हणावयाचे.

बिल्ल्यामागे गरुडाचे पीस खोवण्याचा मान सर्वांस नसतो. कुळाच्या मुख्य नाइकास तीन पिसे, शाखेच्या नाइकास दोन आणि ज्याला स्वतःचे कुलचिन्ह वापरण्याचा राजमान्य अधिकार आहे त्याला एक, असा संकेत आहे. इतरांनी पट्टा व बक्कल यांनी वेढलेले कुळाचे चिन्ह लावावे आणि पिसाच्या भानगडीत पडू नये. शिंदेशाही पागोटे व पुणेरी पगडी यांवरून माणसाची ओळख पटविणाऱ्या आपल्या वाडवडिलांस हा संकेत मुळीच परका वाटला नसता.

डोंगरी पलटणींच्या दरबारी पोषाखातील काळ्या पिसांचा उंच डोलारा पुष्कळांना फार प्राचीन वाटतो. तोही निळ्या टोपीतूनच वाढला. अठराव्या शतकात शिपाई टोपीला शहामृगाची पिसे खोवू लागले. ती वाढत वाढत शेवटी तारेच्या सांगाड्यावर बसविलेला पिसांचा मनोराच तयार झाला. स्कॉटलंडच्या डोंगरातील परंपरेसाठी पिसे आफ्रिकेतल्या पक्ष्याची!

तिसरी टोपी टॅम ओ' शँटर. रॉबर्ट बर्न्स या शेतकरी कवीने १७९० साली या नावाचे एक कथाकाव्य रचले. टॅम हा त्याचा नायक बाजाराच्या दिवशी पिऊन, वादळी रात्री घोडीवर बसून घरी निघतो. त्या वादळात तो जी आपली निळी बॉनेट सावरून धरतो, तिच्यावरून पुढे रुंद माथ्याच्या लोकरी टोपीस त्याचे नाव पडले. पहिल्या महायुद्धात खंदकांतील चिखलात ग्लेनगॅरी गैरसोयीची ठरली, तेव्हा १९१५ साली खाकी कापडाची गोल टोपी शिपायांस मिळाली. तीच सैन्यातील टॅम ओ' शँटर. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी किल्ट रणांगणावरून काढून घेण्यात आला. ही टोपी मात्र राहिली. २००६ साली स्कॉटलंडच्या जुन्या पलटणी एकत्र करून जी एक पलटण बनविली, तिच्या तुकड्या याच टोपीवर निरनिराळ्या रंगांचे तुरे लावून आपापली जुनी ओळख राखून आहेत. कायद्याने बंदी घातली तेव्हा, आणि युद्धाने वेष बदलला तेव्हाही, किल्ट गेला व टोपी टिकली.

आता आयर्लंडकडे वळू. आयरिश माणसाचा प्राचीन वेष किल्ट होता अशी समजूत आहे, पण तिला आधार नाही. जुने आयरिश लोक केशरी रंगाचा घोळदार तागाचा सदरा व त्यावर लोकरी झूल पांघरीत. १५९४ साली ह्यू ओ'डॉनेल या आयरिश सरदाराच्या पदरी स्कॉट बेटांवरून आलेले भाडोत्री शिपाई होते. त्यांचे वर्णन करताना आयरिश चरित्रकार आवर्जून सांगतो की, कमरेला बाहेरून पट्टा बांधलेल्या चित्रविचित्र चादरींवरून हे लोक आयरिशांत वेगळे ओळखू येत. वेष एकच असता, तर असे लिहिण्याचे प्रयोजनच नव्हते.

आयरिश वेषावरही राज्यकर्त्यांची वक्रदृष्टी होती. आठव्या हेन्रीच्या अमदानीत १५३७ साली झालेल्या कायद्याने केशराने रंगविलेले सदरे व तागाच्या टोप्या यांस आणि कपाळावर रुळणाऱ्या दाट झुलपांसही मनाई केली. म्हणजे स्कॉटलंडातील बंदीच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी आयर्लंडने हाच अनुभव घेतला होता. पुढे १८९३ साली गेलिक लीग स्थापन होऊन भाषा व वेष यांच्या पुनरुज्जीवनाची चळवळ सुरू झाली, तेव्हा त्या मंडळींनी किल्ट स्वीकारला व तो एकरंगी केशरी केला. कवी व क्रांतिकारक पॅट्रिक पिअर्स यांनी १९०८ साली डब्लिनमध्ये काढलेल्या सेंट एंडा शाळेत या किल्टला मोठा मान होता. रंग जुन्या आयरिश सदऱ्याचा, घाट स्कॉट किल्टचा, असा हा संयोग आहे.

या केशरी किल्टवर जी टोपी आली ती कॉबीन. आयरिश भाषेतील मूळ शब्द काबीन, आणि व्यवहारात त्याचा अर्थ शेतकऱ्याची जुनी, चुरगळलेली, आकार हरवलेली टोपी. थट्टेत वापरावयाचा शब्द! सतराव्या शतकातील आयरिश सेनापती ओवेन रो ओ'नील अशी टोपी घालीत असे, अशी आख्यायिका सैनिकांत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सैन्यातील आयरिश पलटणींच्या पायपरांनी ती घेतली. १९३७ साली लंडन आयरिश रायफल्सने ती सर्व शिपायांस दिली. १९४४ साली इटलीच्या मोहिमेत आयरिश ब्रिगेडमधील इतर पलटणींनीही ती उचलली. ती बॅल्मोरलहून अधिक भरदार असते, एका बाजूस ओढून घालतात, तिला स्कॉट टोपीचा गोंडा नसतो आणि बिल्ल्यामागे पिसांचा उभा तुरा असतो. १९९२ साली स्थापन झालेली रॉयल आयरिश पलटण हिरव्या तुऱ्याची कॉबीन घालते. ज्या शब्दाने आयरिश शेतकऱ्याची थट्टा होत असे, तो शब्द आज त्या पलटणीच्या अभिमानाचा आहे.

चित्र पाहताना या टोप्या ओळखण्याची रीत सांगून ठेवतो. होडीसारखी लांबट, मधोमध घडी पडलेली, मागे दोन फिती असलेली ती ग्लेनगॅरी. गोल, चपटी, गोंड्याची, मागे फिती असलेली ती बॅल्मोरल. तशीच गोल, पण माथ्याने अधिक रुंद व फिती नसलेली ती टॅम ओ' शँटर. गोंडा नाही, फुगीर माथा एका बाजूस कललेला आणि वर पिसांचा तुरा, ती कॉबीन. तिच्याखाली केशरी किल्ट दिसला की संशय उरत नाही.

कोणी म्हणेल की, मग हा सारा वेष बनावटच म्हणावयाचा. किल्ट अठराव्या शतकातला, ग्लेनगॅरी एका हौशी नाइकाची, बॅल्मोरलचे नाव राणीच्या वाड्याचे आणि आयरिश किल्ट चळवळीतून आलेला. मला हा निष्कर्ष मान्य नाही. वस्त्राची सत्यता त्याच्या वयावर अवलंबून नसते. आपल्या देशातही पांढऱ्या खादीची एक साधी टोपी १९२० च्या सुमारास लोकांच्या डोक्यावर आली आणि दहा वर्षांच्या आत तिच्यासाठी माणसे लाठ्या खाऊ लागली. ती नवी होती म्हणून खोटी होती, असे कोण म्हणेल? तपासावयाचे ते एवढेच की, ती वस्तू कोणी, कोणाकरिता व कोणत्या मोलाने धारण केली.

या कसोटीस लावले तर एडिंबऱ्यातील १८२२ च्या मिरवणुकीपेक्षा डंडीच्या टेकडीवर थंड पाण्यात हात घालून टोप्या मळणारा कारागीर मोठा ठरतो. त्याचे नाव कोणत्याही टोपीस पडले नाही. परंतु त्याने लावलेली फीत, त्याने बसविलेला गोंडा आणि त्याने ठरविलेला गोल घाट हे राजे, नाईक व सेनापती यांपैकी कोणालाही पुरते पुसून टाकता आलेले नाहीत. यापुढे पायपरचे चित्र आपल्या पाहण्यात येईल, तेव्हा किल्टच्या रंगांवरून नजर थोडी वर न्यावी. या वेषातील सर्वांत जुना आणि सर्वांत सामान्य माणसाचा भाग तेथे आहे.